रास अल खैमाचा कॅसिनो आणि आपल्या पोरांचा पगार

गेल्या सुट्टीत गावी गेलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी शारजाहून रजेवर आला होता. मशिदीबाहेर भेटला, सलाम-दुआ झाली, आणि मग त्याने मोबाईल पुढे केला. म्हणाला, "सर, हे बघा. आता हे सरकारमान्य आहे. लायसन्स आहे त्यांच्याकडे." स्क्रीनवर यूएई लॉटरीचं तिकीट होतं. किंमत 50 दिरहम.

मी काही बोललो नाही. वर्गात असता तर बोललो असतो.

घरी आल्यावर मात्र हा विषय डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडे या विषयावर जी चर्चा होते ती दोनच वाक्यांत संपते. एक बाजू म्हणते, "मुस्लीम देशात कॅसिनो? कयामत जवळ आली." दुसरी म्हणते, "अहो, टुरिस्टांसाठी आहे, आपल्याला काय करायचंय?" दोघांनाही खरा मसला दिसलेला नाही, असं मला वाटतं.

आधी घडलंय काय ते पाहू. संयुक्त अरब अमिरातीच्या फौजदारी कायद्यात जुगार आजही गुन्हा आहे. पण सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने एक नवी संस्था उभी केली, जनरल कमर्शियल गेमिंग रेग्युलेटरी अथॉरिटी. शब्द बघा, 'गॅम्बलिंग' नाही, 'कमर्शियल गेमिंग'. जुगार तो गुन्हा, परवाना घेतला की व्यापारी खेळ! या संस्थेचे पहिले अध्यक्ष जिम मरेन, लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्सचे माजी प्रमुख. जुलै 2024 मध्ये लॉटरीचा परवाना दिला गेला, ऑक्टोबर 2024 मध्ये कॅसिनोचा पहिला परवाना विन रिसॉर्ट्सला मिळाला. जागा रास अल खैमा, अल मरजान बेट. खर्च सुमारे 5.1 अब्ज डॉलर, 1,542 खोल्या, आणि जाहीर योजनेप्रमाणे 2027 मध्ये उद्घाटन.

रास अल खैमाच का? दुबईजवळ विमानतळ, मॉल, सगळं आहे. अबूधाबीजवळ तेल आहे. रास अल खैमाकडे तेल नाही म्हटलं तरी चालेल. तिथली कमाई सिरॅमिक टाइल्स, सिमेंट, डोंगर फोडून निघणारी खडी आणि अलीकडे पर्यटन यांवर. 2024 मध्ये तिथे मुक्कामी आलेले पाहुणे सुमारे 12.8 लाख, आणि 2030 पर्यंत 35 लाखांचं उद्दिष्ट. नुसत्या समुद्रकिनाऱ्यावर हा आकडा येत नाही हे राज्यकर्त्यांना कळतं. म्हणजे निर्णयामागे हिशेब आहे, वेडेपणा नाही.

हिशेबाचं उदाहरणही त्यांच्यासमोर होतं. सिंगापूर. तिथे ली कुआन यू यांनी वर्षानुवर्षं कॅसिनोला नकार दिला, 2005 मध्ये त्यांचे चिरंजीव ली सिएन लूंग यांच्या सरकारने होकार दिला आणि 2010 मध्ये दोन कॅसिनो उघडले. 2009 ला तिथे 97 लाख पर्यटक आले होते, 2019 ला 1 कोटी 91 लाख. सगळी वाढ कॅसिनोमुळे झाली असं कुणी म्हणू नये, पण त्या दोन संकुलांचा वाटा मोठा आहे. आणि कुरआनानेही मैसिरमध्ये लोकांसाठी काही फायदा आहे हे नाकारलेलं नाही; नुकसान फायद्यापेक्षा मोठं, हे तिथलं म्हणणं आहे. म्हणून फायद्याचे आकडे दाखवून कुणी आपल्याला गप्प करू शकत नाही, आणि आपणही ते आकडे खोटे आहेत असं ओरडायचं कारण नाही. नुकसान कुणाच्या खिशातून जातं, प्रश्न तो आहे.

इथेच नियमनाची गोष्ट येते. कॅसिनो आणणाऱ्या काही देशांनी एक भिंत बांधली: बाहेरच्यांनी खेळावं, आपल्या माणसांनी नाही. मलेशियात गेंटिंग हायलँड्सचा कॅसिनो 1971 पासून आहे, पण मुसलमानांना आत प्रवेश नाही. इजिप्तमध्ये परदेशी पासपोर्ट दाखवावा लागतो. सिंगापूरने नागरिक आणि कायम रहिवाशांवर दिवसाला 100 डॉलरची प्रवेशफी लावली, 2019 मध्ये ती 150 केली. शिवाय तिथे घरच्यांना अर्ज करून आपल्या माणसाला आत जाण्यापासून बंदी घालता येते. ही तरतूद मला फार आवडली. बायको अर्ज करते, नवऱ्याला दारातच थांबवतात. आपल्या शेजारी गोव्यात मांडवीतल्या बोटींवर गोवेकरांना बंदी 2020 पासून लागू झाली. गिऱ्हाईक म्हणून मुंबई-पुण्याची मंडळी आहेतच. (आपल्या महाराष्ट्रातही 1976 चा कॅसिनो कायदा कागदावर होता. तो कधी अंमलातच आला नाही, आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं.) तुर्कस्तानने तर 1998 मध्ये सगळे कॅसिनो बंदच केले, धंदा मग उत्तर सायप्रसला गेला.

आता ही भिंत अमिरातीत कशी बांधणार? तिथे दहांतले जवळजवळ नऊ लोक बाहेरचेच आहेत. भारतीयच 35 लाखांहून जास्त. 'स्थानिकांना संरक्षण' म्हटलं तर ते मूठभर नागरिकांना मिळेल. आपला गवंडी, ड्रायव्हर, दुकानातला सेल्समन, लेबर कॅम्पात आठजणांच्या खोलीत राहणारा पोरगा, हा ना पर्यटक ना नागरिक. तो भिंतीच्या कुठल्या बाजूला?

कॅसिनोत तो जाणार नाही, हे मलाही मान्य. रास अल खैमाच्या त्या संकुलात एका रात्रीचं भाडं त्याच्या पगाराला परवडणारं नसेल. एकवीस वर्षांची अट, कपड्यांचा दिमाख, सगळं त्याला बाहेर ठेवेल. पण त्याच परवान्याच्या छत्राखाली लॉटरी आहे, इंटरनेटवरचे खेळ आहेत, क्रीडा सट्टा आहे. आणि हे सगळं त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे.

त्या तिकिटाचं गणित मी नंतर वहीत मांडलं. सवय आहे. लॉटरी सुरू झाली तेव्हा 1 ते 31 मधून सहा आकडे आणि बारा महिन्यांतून एक निवडायचा होता. एकूण शक्यता 88,35,372. म्हणजे सगळी तिकिटं विकत घेतली तर 44 कोटी 17 लाख दिरहम लागतील, आणि पहिलं बक्षीस 10 कोटी दिरहम. छोटी बक्षिसं वेगळी, पण फरक बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये एका भारतीय तरुणाला ते दहा कोटी लागले, आणि ती बातमी आपल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. न लागलेल्यांची बातमी होत नाही. पंधरा दिवसांनी एक तिकीट धरलं तरी वर्षाला 1,300 दिरहम, आपले तीस हजार रुपये. कोकणात एका मुलीच्या कॉलेजची फी आणि एसटीचा पास त्यात भागतो.

हा पैसा लहान नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीप्रमाणे परदेशातून भारतात येणाऱ्या रकमेतला 19.2 टक्के वाटा एकट्या अमिरातीचा, आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त, 20.5 टक्के, महाराष्ट्राचा, केरळच्याही पुढे. रत्नागिरी-रायगडच्या किती गावांत घराची कौलं जाऊन स्लॅब पडला तो याच पैशावर.

तर मागणी काय करायची? अमिरातीच्या सरकारला आपण कॅसिनो बंद करा म्हणून सांगणार नाही, ते ऐकणारही नाहीत. पण खेळणाऱ्याने स्वतःवर मर्यादा घालून घेण्याची सोय तिथल्या नियमांत आहे. ही माहिती मराठी, उर्दू, मल्याळममध्ये लेबर कॅम्पात पोहोचवायला आपल्या जमातींना कुणी अडवलेलं नाही. सिंगापूरसारखा घरच्यांचा अर्ज तिथेही असावा, आणि गावातून पत्नीला करता यावा, ही मागणी आपल्या दूतावासामार्फत करता येते. आणि जुम्याच्या खुतब्यात फक्त "हराम है" म्हणण्याऐवजी वरचं 88 लाखांचं गणित एकदा सांगून बघा.

तो विद्यार्थी परत जायच्या आदल्या दिवशी घरी आला, खजूर घेऊन. मी वही दाखवली. त्याने हिशेब दोनदा तपासला, हुशार होता तो गणितात. मग म्हणाला, "सर, खोलीतले आम्ही सहाजण मिळून काढतो. त्यांना काय सांगू?" मी ते पान फाडून त्याच्याकडे दिलं.