ब्लीचमध्ये ॲसिड? मुळीच नको!



मागील अंकातील पत्रात 'ब्लीच जितकं दाट तितकं गुणकारी' असं ठामपणे म्हटलं आहे. ते पटत नाही. बाटलीतलं सोडियम हायपोक्लोराइट टिकावं म्हणून द्रावण मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात; पीएच ११च्या वरच. तिथे जवळजवळ सगळा क्लोरीन हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात असतो. त्याच्यावर ऋण प्रभार आणि जिवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणच, मग आत शिरणार कसं? पाणी घातलं की पीएच उतरतो आणि हायपोक्लोरस आम्लाचं प्रमाण वाढतं. त्याला प्रभार नाही. ते सहज आत घुसून प्रथिनांची घडीच विस्कटतं. मिशिगन विद्यापीठातल्या उर्सुला याकोब यांच्या गटाने २००८ साली हे दाखवून दिलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतू मारायला हेच आम्ल बनवतात, हे वाचून पत्रलेखकांना कदाचित मौज वाटेल.

शिवाय मोरीतला साबणाचा बुळबुळीत थर तसाच ठेवून वर कितीही ब्लीच ओता, ते त्या मळाशी झुंजण्यातच खर्ची पडतं. आधी खराट्याने घासावं, धुवावं, मग पातळ ब्लीच लावून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यावी.

मात्र त्याच पत्रातला 'सोबत संडास साफ करायचं ॲसिड घातलं की दुप्पट काम' हा सल्ला घातक आहे. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो आणि खिडकी बंद असलेल्या न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. पुढच्या अंकात हा खुलासा ठळक चौकटीत छापावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली