काटा स्थिर, माप खोटे

१/६
पारड्याच्या तळाला चिंच चिकटवलेला तराजू दर खेपेस तेवढीच लबाडी करतो. त्याच्या मापात सातत्य आहे, सत्य नाही. चाचणीशास्त्रात या सातत्याला विश्वसनीयता म्हणतात. जे मोजायचे तेच मोजले जाणे, ही सप्रमाणता. पहिलीच्या आडून दुसरी गृहीत धरली की काय घडते?

२/६
१९१७ साली रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी सैन्यासाठी ‘आल्फा’ व ‘बीटा’ या बुद्धिचाचण्या रचल्या गेल्या. सुमारे १७ लाख सैनिक तपासले गेले. निरक्षरांच्या व इंग्रजी न जाणणाऱ्यांच्या ‘बीटा’त चित्रातील उणीव ओळखायची होती: जाळीविना टेनिसचे मैदान, कर्ण्याविना फोनोग्राफ. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही, त्याने काय ओळखावे?

३/६
१९२३ साली कार्ल ब्रिगम यांनी याच आकड्यांवरून दक्षिण व पूर्व युरोपीय स्थलांतरितांना बुद्धीने हीन ठरवले.

४/६
आकडे मात्र निराळेच सांगत होते. अमेरिकेतील वास्तव्य जितके दीर्घ, तितके गुण अधिक! मोजला जात होता तो अमेरिकेचा परिचय. ब्रिगम यांनी अर्थ लावला: नवे येणारेच निकृष्ट.

५/६
१९२४ च्या कायद्याने या स्थलांतरितांची वाट जवळजवळ बंद केली. तो केवळ चाचण्यांमुळे झाला नाही. परंतु पूर्वग्रहाला विज्ञानाची मुद्रा मिळाली होती. १९३० साली ब्रिगम यांनी आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा राहिला.

६/६
म्हणून गुणपत्रिकेपुढे मान तुकवण्याआधी विचारावे: हा आकडा नेमका कशाचा?