घर विकायचंय? भेग बुजवून लपवू नका, दाखवा

नांदेड असो की लातूर, जुनं घर विक्रीला काढलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘पुट्टी मारा, रंग द्या, गिऱ्हाईक लगेच येईल.’ रंग जरूर द्या. पण त्याआधी भिंत काय सांगते ते बघा. कारण आपल्याकडे घर बघायला येणारा जाणता माणूस रंगापेक्षा भिंतच बघतो.

भिंतीची एवढी धास्ती का?
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे १० हजार माणसं गेली. अनेकांवर दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडमध्येही जाणवले. शिवाय आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तडे जातात.

कोणती भेग किरकोळ?
केसासारखी बारीक, फक्त गिलाव्यातली भेग बहुधा किरकोळ असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी किंवा कॉलम-बीमवरची भेग मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. काही महिन्यांत ती पुढे सरकली, तर नुसत्या पुट्टीने भागणार नाही.

ओल आणि पाणी
स्लॅब गळत असेल तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाथरूममागची भिंत ओली असेल तर आधी पाइपची गळती. ओलीवर दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पोपडे धरतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळे तिथला गिऱ्हाईक हॉलच्या आधी हौद बघतो. हौद, टाकी धुऊन ठेवा, मोटार चालू करून दाखवा आणि बोअर मे महिन्यात किती चालतो ते खरं सांगा.

एवढं झालं की मग अडगळ काढा, खिडक्या उघडा, हलका रंग द्या.

कायदा काय म्हणतो?
मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं ही कायद्याच्या लेखी फसवणूक ठरते. म्हणजे पुट्टीखाली बुजवलेला तडा ही नुसती ‘व्यवहारातली हुशारी’ नाही.

खरं सांगून तोटा होतो का?
भाव थोडा उतरेल, हे खरं. पण दोष आधीच सांगितला तर बोलणी दुरुस्तीच्या खर्चाभोवती होतात. तोच दोष इसारानंतर सापडला, तर विश्वास जातो आणि सौदाही मोडू शकतो. दुरुस्तीची पावती आणि इंजिनिअरचा लेखी अहवाल समोर ठेवा. नव्या रंगापेक्षा गिऱ्हाईकाला त्याचाच भरवसा वाटेल.

लातूरमध्ये घर घेणारा कित्येकदा मुलांच्या शिक्षणासाठी गावाकडची जमीन विकून आलेला असतो. उद्या त्याची लेकरं त्याच स्लॅबखाली झोपणार आहेत. किल्लारी पाहिलेल्या भागात तरी घर विकताना एवढं भान हवंच.