झोप टी-बॅगेत मिळत नाही

परीक्षा जवळ आली की कुणीतरी सांगतंच, ‘कॅमोमाइल टी घे, मस्त झोप लागेल.’ रील्समध्येही तेच. कॅमोमाइल मलाही आवडतो. पण आपल्या उडालेल्या झोपेचं सगळं ओझं एका फुलावर टाकणं मला पटत नाही.

शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या कुळातलं हे झाड. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा उंचवटा, वास सफरचंदासारखा. म्हणूनच ग्रीकांनी त्याला ‘जमिनीवरचं सफरचंद’ म्हटलं. पोट बिघडलं किंवा झोप येईना की युरोपात याचा काढा पूर्वापार देतात. फुलातलं अॅपिजेनिन मन शांत करायला मदत करत असावं, असं संशोधकांना वाटतं. पण माणसांवरचे अभ्यास छोटे आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. थोडाफार फायदा होईलही, गॅरंटी मात्र नाही.

शिवाय ‘नॅचरल’ म्हणजे सगळ्यांना चालणारं, असं नसतं. गाजरगवताने तुमच्या अंगाला खाज सुटते का? तेही याच कुळातलं, त्यामुळे कॅमोमाइलचाही त्रास होऊ शकतो. घरात कुणाला रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा चहा देऊ नका.

आता आपला हिशेब बघा. कॉफीतलं कॅफिन शरीरात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री दहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे तीनलाही अंगात असतं. त्यावर एका हातात कॅमोमाइलचा कप आणि दुसऱ्या हातात फोन! बिचारं फूल तरी काय करणार? आधी संध्याकाळनंतरची कॉफी बंद करा, फोन लांब ठेवा. मग हा कप घ्या.

आणि महागडा डबा विकत घेण्यापेक्षा एक कुंडी लावा. हे थंडीचं पीक. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बारीक बी ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं. वर माती टाकायची नाही, कारण रुजायला उजेड लागतो. फुलं आली की खुडून सावलीत वाळवा. लखनौच्या ‘सीमॅप’ संस्थेने तर ‘वल्लरी’ नावाचं खास वाणही काढलंय. झोपेचं माहीत नाही, पण ऐन परीक्षेच्या दिवसांत रोज दहा मिनिटं स्क्रीनऐवजी फुलांकडे बघाल, हे नक्की.