बुडवायची नौका आणि बुडालेले गाव

निवृत्त युद्धनौकांविषयी मराठीत जे लेखन होते, त्याला इतिहासप्रेम म्हणण्याची पद्धत पडली आहे. आमचा या नावालाच आक्षेप आहे. इतिहासाला हिशेब लागतो: कोणी बांधले, कोणी पैसे मोजले, कोण मेले, कोणी मोडून खाल्ले. या लेखनात हिशेब नसतो. असते ती वस्तूची भुरळ. ही भुरळ निरुपद्रवी आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि तसे का वाटत नाही हे येथे मांडायचे आहे. आम्ही जुन्नर-आंबेगावच्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. समुद्र आमच्या वाट्याला नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरून कोकण दिसते, एवढेच. तरीही हा विषय आमचा कसा, हे पुढे स्पष्ट होईल.

या भुरळीचे सर्वांत शुद्ध रूप पाहायचे तर हौशी नौकाविहार करणाऱ्यांच्या जगात जावे लागते. तेथे हायड्रोफॉईल जातीच्या जुन्या लष्करी नौकांचे वेड असलेली माणसे आहेत. या नौकेच्या तळाखाली पंख असतात. वेग वाढला की पंखांवर उचल निर्माण होते आणि नौकेचे धड पाण्याबाहेर येते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन. त्यामुळे धड पाण्यातून सुटले की अवरोध एकदम घटतो आणि नौका अक्षरशः उडू लागते. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या एचडी-४ या नौकेने १९१९ साली कॅनडात ताशी सत्तर मैलांहून अधिक वेग गाठला होता. पुढे याच देशाच्या नौदलाने बांधलेली 'ब्रा दॉर' १९६९ मध्ये ६३ नॉटपर्यंत पोहोचली. आज ती क्वेबेकमधल्या एका सागरी संग्रहालयात जमिनीवर उभी आहे. अमेरिकी नौदलाने बोईंगकडून 'पेगॅसस' वर्गाच्या सहा क्षेपणास्त्रवाहू हायड्रोफॉईल नौका बांधून घेतल्या आणि १९९३ साली त्या सर्व सेवेतून काढल्या. त्या वेगवान होत्या, परंतु त्यांचा खर्च नौदलाला परवडेनासा झाला होता. त्यांतली 'एरीज' ही एक नौका हौशी मंडळींनी मिसूरी राज्यात जतन करण्याचा प्रयत्न केला.

या मंडळींची आम्ही टवाळी करणार नाही. गंजलेला नट स्वतःच्या हाताने सोडवणारा माणूस त्या यंत्राविषयी काही खरे शिकलेला असतो. निदान त्याच्या हाताला तेल लागलेले असते. प्रश्न आहे तो दुरून पाहणाऱ्याचा. त्याला नौका हवी असते ती फक्त पाण्याबाहेर उचललेल्या स्थितीतली. तिचे इंधन, तिचे कारागीर, तिच्यावरची क्षेपणास्त्रे कोणासाठी होती हा प्रश्न, हे सारे त्याच्या दृष्टीने पाण्याचा अवरोध. तो टाळला की वेग येतो. मराठीतले युद्धनौकाविषयक लेखनही असेच पंखांवर उचललेले आहे. ते वेगाने जाते, कारण ते कशालाच स्पर्श करीत नाही.

उदाहरणे आपल्याच किनाऱ्याची घेऊ. 'विक्रांत' ही मूळची ब्रिटिश 'हर्क्युलिस'. दुसऱ्या महायुद्धात तिचे काम सुरू झाले आणि अपुरे राहिले. भारताने ती विकत घेऊन पूर्ण करवून घेतली आणि १९६१ साली ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात तिने कामगिरी केली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २०१२ पर्यंत मुंबईत ती संग्रहालय म्हणून होती, नंतर लिलावात सुमारे साठ कोटींना गेली, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हरकत नाकारल्यावर मुंबईच्याच दारूखान्यात मोडली गेली. २०१६ मध्ये तिच्या पोलादाचा अंश असलेली एक मोटारसायकल बाजारात आली. 'विराट'चीही गत तीच. १९५९ साली 'हर्मिस' या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झालेली, १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांची ध्वजनौका असलेली, १९८७ मध्ये भारताकडे आलेली ही नौका ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. तिचे सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ साली मान्यता दिली. प्रत्यक्षात ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ओढून अलंगला नेली गेली.

या दोन्ही वेळी मराठीत जे लिहिले गेले त्यातला शब्दसंग्रह तपासावा. 'अखेरचा निरोप', 'वृद्ध माता', 'अश्रूंना वाट'. पोलादाला देह मिळाला, देहाला वार्धक्य मिळाले, वार्धक्याला आसवे मिळाली. ज्यांना खरोखरच देह होता ती माणसे मात्र मजकुरात कोठे आहेत? दारूखान्यात आणि अलंगला गॅसच्या ज्योतीने पत्रे कापणारा मजूर या शोकगीतात नाही. इंजिनखान्यात आयुष्य काढलेला खलाशी आला तर 'शूर जवान' या एका विशेषणात संपतो. नौकेचे माणूस करायचे आणि माणसाचे विशेषण करायचे, ही अदलाबदल आम्हाला वाङ्मयीन दोष वाटत नाही. ती त्याहून गंभीर आहे. भाषेने कोणाचा शोक करायचा आणि कोणाचा नाही, हे येथे ठरते.

आता 'गुलदार'कडे येऊ. पोलंडमध्ये बांधलेली, रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारी ही नौका १९८५ साली नौदलात आली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. २०२५ साली ती महाराष्ट्राकडे सोपवण्यात आली. योजना अशी की निवतीच्या समुद्रात ती बुडवायची, म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली जाऊन ती पाहता येईल आणि तिच्या पोलादावर प्रवाळ वाढेल. केंद्राने त्यासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. बुडवण्यासाठी सत्तेचाळीस कोटी! यात अर्थकारण नाही असे आम्ही म्हणत नाही. मालवणच्या पाणबुड्या वाटाड्यांना काम मिळेल, तेही योग्यच. आमचे लक्ष आहे ते या कल्पनेतल्या एका गृहीतावर: बुडालेली वस्तू पाहण्यासारखी असते.

तसे असेल तर आमच्याकडे एक बुडालेली वस्तू आहे. तिचे नाव आंबेगाव. आमच्या तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते गाव तालुक्यात उभे नाही. कारभार घोडेगावहून चालतो आणि मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईतले गिरणी कामगार, विदेशी कापडाच्या गाडीखाली १२ डिसेंबर १९३० रोजी चिरडले गेलेले. ज्यांची भाताची खाचरे पाण्याखाली गेली त्यांत महादेव कोळी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांतल्या अनेकांनी डोंगरउतारावर पडकई करून पुन्हा जमीन घडवली, पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेरीवर पिके घेतली, आणि जे पाणी शेतावर आले होते त्याच पाण्यात मासेमारी शिकून घेतली. धरणात मासेमारीचा हक्क मिळवण्यासाठी त्यांना संघटित व्हावे लागले. या कामात त्यांच्याबरोबर राहिलेल्या 'शाश्वत' या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

ही नौकानयनाचीच कथा आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सह्याद्रीच्या शेतकऱ्याला चाळिशीत जाळे टाकायला शिकावे लागणे, हा सागरी साहसाच्या कोणत्याही कथेइतकाच मोठा विषय आहे. परंतु आमचे विद्यार्थी निबंधात 'विराट' लिहितात, डिंभे लिहीत नाहीत. त्यात विद्यार्थ्यांचा दोष कमी. ज्या वस्तूला विशेषणे तयार मिळतात तिच्यावर लिहिणे सोपे जाते. होडीतल्या आपल्याच चुलत्यासाठी विशेषणे तयार नसतात, ती शोधावी लागतात.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि जुन्नरमध्ये तर ते फार लवकर येते: शिवनेरीच्या पायथ्याशी बसून आरमाराच्या अभिमानाला नावे ठेवता? आम्ही उलट विचारतो, त्या परंपरेचा मूळ मजकूर वाचला आहे का? रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे, इ. स. १७१५-१६ च्या सुमाराचे आज्ञापत्र एम.ए.च्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. त्यात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे ते ठामपणे सांगते. पण लगेच लाकडाचा प्रश्न घेते. आंबा-फणसाची झाडेही गलबतांच्या कामाची. तरी त्यांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात आणि ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे. जबरदस्ती सर्वथा नको. आरमाराच्या खर्चाचा भार व्यापाऱ्यांवर पडून बंदरे बुडू नयेत, याचीही तेथे चिंता आहे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या या गद्यात युद्धनौका पाण्यात आहे, पुरती पाण्यात. तिला झाड लागते, झाडाला मालक असतो, मालकाला दुःख असते, आणि या दुःखाची नोंद राजाज्ञेत होते. आरमाराचा अभिमान आणि फणसाच्या झाडाचा हिशेब एकाच प्रकरणात मावतात. आजच्या अभिमानाला हा हिशेब अडचणीचा वाटतो. मग परंपरेपासून दूर कोण गेले, आम्ही की हे शोकगीतकार?

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. जतन झाले नाही तर स्मृती राहणार कशी? 'विक्रांत' मोडली गेली याचे आम्हालाही वाईट वाटते. संग्रहालय टिकायला हवे होते. परंतु संग्रहालय म्हणजे जतन केलेले पोलाद, एवढीच समजूत असेल तर ते पोलाद मोटारसायकलच्या टाकीत गेले काय आणि समुद्रतळाशी गेले काय, फरक पडत नाही. स्मृती टिकते ती वस्तूला लगडलेल्या माणसांच्या नोंदीने. खलाशांच्या रोजनिशा, गोदी कामगारांची बोली, भंगारवाल्याचे दरपत्रक, यांपैकी किती मराठीत छापले गेले? नौका मोडण्यापूर्वी ते गोळा करायला साठ कोटी लागले नसते.

म्हणून आमची मागणी साधी आहे, आणि ती लेखकांइतकीच शिक्षकांकडेही आहे. निवृत्त युद्धनौकेवरचा कोणताही मजकूर हाती आला की वर्गात तीन प्रश्न विचारावेत. यात काम करताना दिसणारी किती माणसे आहेत? किंमत कोणी मोजली हे सांगितले आहे का? आणि विशेषणे वगळली तर मागे काय उरते? मग हेच तीन प्रश्न घेऊन विद्यार्थ्यांना मे महिन्यात डिंभ्याच्या काठावर पाठवावे. पाणी उतरलेले असते. गावाच्या खुणा दिसतात, गाळपेर दिसते, जाळे आवरणारी माणसे भेटतात. तेथे तिकीट नाही, प्रवाळ नाही. लिहिण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते सांगू शकणारी पिढी आता म्हातारी झाली आहे.