साथ सांगणाऱ्याला शिक्षा नको

जागतिक महामारी करार म्हटला की आपल्याला वाटतं, ही जिनिव्हातल्या मोठ्या लोकांची कामं, आपला काय संबंध? संबंध आहे. आणि तो शोधायला मराठवाड्याबाहेर जायचीही गरज नाही.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवांचा त्रास वाढला, उंदीर मरू लागले, मग लोकांच्या जांघेत-काखेत गाठी दिसू लागल्या. प्लेगचा संशय आला. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि जगाने भारताकडे पाठ फिरवली. आखाती देशांनी विमानं बंद केली, आपला माल अडवला गेला. नोकरीसाठी आखातात जाणारा गरीब माणूस मधल्या मधे अडकला. प्रवासबंदीची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. ऐकलं कुणी नाही. साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली, पण व्यापाराचं आणि पर्यटनाचं नुकसान अब्जावधी रुपयांचं झालं.

यातून देशांनी काय धडा घ्यावा? आजार जाहीर केला तर धंदा बुडतो, म्हणून गप्प बसा! हा धडा धोक्याचा होता. शिवाय तेव्हाचे आंतरराष्ट्रीय नियम फक्त कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर या तीनच रोगांपुरते होते. १९९५ मध्ये ते बदलायचं ठरलं. २००५ मध्ये नवे नियम मंजूर झाले आणि २००७ पासून लागू झाले. आता कुठलाही आजार सीमेपलीकडे जाण्यासारखा वाटला, तर २४ तासांत कळवायचं. आणि इतर देशांनी गरजेपेक्षा जास्त निर्बंध लावायचे नाहीत.

कागदावर छान आहे. पण नियम मोडणाऱ्याला दंड नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉन लगेच जगाला कळवला. बक्षीस काय मिळालं? एक-दोन दिवसांत विमानबंदी. म्हणजे २७ वर्षांनंतरही गोष्ट तीच.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: विषाणू आमच्याकडून न्यायचा, त्यावर लस श्रीमंत देशांच्या कंपन्यांनी बनवायची, आणि आम्हाला ती परवडणारही नाही. याच भांडणातून २०११ मध्ये फ्लूपुरती नमुने आणि लसवाटपाची एक व्यवस्था झाली. कोरोनात मात्र श्रीमंत देशांनी लशी आधीच बुक केल्या. आपणही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुण्याच्या सीरमची निर्यात रोखली, आणि त्या लशीची वाट पाहणारे आफ्रिकेतले देश ताटकळले. हेही प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे.

२० मे २०२५ ला मंजूर झालेला महामारी करार हेच दुरुस्त करू पाहतो. १२४ देश बाजूने, ११ तटस्थ, विरोधात एकही नाही. अमेरिका आधीच बाहेर पडली होती. महामारी आली तर सहभागी कंपन्यांनी उत्पादनाचा २० टक्के भाग संघटनेला उपलब्ध करायचा, त्यातला निम्मा तरी मोफत. पण नमुने कसे द्यायचे आणि मोबदला कसा मिळायचा, हे परिशिष्ट मंजुरीच्या वेळी मागे ठेवलं गेलं. खरी मेख तिथेच आहे. करार लागू व्हायला ६० देशांची अंतिम मान्यताही लागते. आणि हो, ‘आता डब्ल्यूएचओ लॉकडाऊन लावणार, जबरदस्तीने लस देणार’ असे मेसेज फिरतात, ते खोटे आहेत. तसा अधिकार संघटनेला नाही, हे करारातच लिहिलंय.

जे देशांचं, तेच मोहल्ल्याचं. २०२० मध्ये तबलीगच्या नावाने एका समाजाला साथीचं कारण ठरवलं गेलं. त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं नोंदवलं. पण तोवर भीती बसली होती. तपासणीला गेलो तर बदनामी होईल, या धाकाने माणसं ताप लपवतात, आणि साथीला तेवढंच हवं असतं. आपल्या हिंगोलीत मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव दलाचे जवान बाधित निघाले होते. ड्यूटी करून आलेल्या माणसाचा त्यात काय कसूर?

म्हणून मागणी एकच, जिनिव्हापासून वसमत-कळमनुरीपर्यंत: जो आधी सांगतो त्याला आधी मदत मिळाली पाहिजे. सरकारने परिशिष्टात गरीब देशांचा हक्क सोडू नये. आणि आपण? गल्लीत एकाच वेळी अनेकांना ताप-जुलाब दिसले तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. पेशंटचं नाव मात्र ग्रुपवर टाकू नका. शेजाऱ्याची अब्रू राखली, तरच तो पुढच्या वेळी खरं सांगेल.