सव्वासहा की अडीच?

बॅकअपसाठी वापरतात त्या एलटीओ-९, म्हणजे नवव्या पिढीच्या, टेपच्या वेष्टनावर ४५ टीबी छापलेले असते. काही कंपन्यांच्या टेपच्या तर नावातच हा आकडा आहे. टेपवर मावतात १८. बाकीचे २७ टीबी म्हणजे गुणाकार आहे. ड्राइव्ह लिहितालिहिता डेटा दाबतो, आणि तो अडीचपट दाबला जाईल असे धरून हा गुणाकार केलेला असतो. याला 'कॉम्प्रेस्ड क्षमता' म्हणतात.

हे अडीच पूर्वी दोन होते. पाचव्या पिढीची टेप १.५ टीबीची, वेष्टनावर ३. २०१२ साली सहावी पिढी आली. टेप २.५ टीबीची झाली आणि त्याच झटक्यात गुणक दोनचा अडीच झाला. जुन्या हिशेबाने ५ छापायला हवे होते, छापले ६.२५. टेप वाढली दुपटीहून कमी, आकडा वाढला दुपटीहून जास्त. ड्राइव्हमधले कॉम्प्रेशन त्या पिढीत सुधारले, हे मान्य. आधी येऊन गेलेला डेटा लक्षात ठेवायला त्याला जास्त जागा मिळाली, म्हणून पुनरावृत्ती अधिक सापडू लागली. पण ती डेटात असेल तर सापडणार. साधा मजकूर, लॉग, डेटाबेस यांत ती असते. जेपीईजी, व्हिडिओ, झिप आधीच दाबलेले असतात. एन्क्रिप्ट केलेल्या डेटात तर ती शिल्लकच राहत नाही. तिथे गुणक एक.

म्हणजे ४५ हे टेपचे मापच नव्हे. ते गिऱ्हाइकाच्या डेटाबद्दल, तो न बघता केलेले अनुमान आहे. कापूस दाबून बसतो, ज्वारी बसत नाही. म्हणून ५० किलोच्या पोत्यावर कोणी १२५ छापत नाही. हार्ड डिस्कवरचा डेटाही दाबून ठेवता येतो, तरी १८ टीबीची डिस्क १८चीच म्हणून विकली जाते. टेपच्या धंद्यात मात्र खऱ्या मापालाच 'नेटिव्ह' असे विशेषण लावून बाजूला बसवले आहे. वेगाचेही तेच: सहाव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला १६० एमबी लिहितो, माहितीपत्रकात ४०० असतात.

याची किंमत रात्री कळते. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होतो, तिथे स्कॅन केलेल्या जुन्या दप्तरांचा ६ टीबीचा साठा टेपवर घ्यायचा होता. सगळी पाने जेपीईजीत. वेष्टनावरचा आकडा धरून सहाव्या पिढीची एकच टेप मागवली होती. रात्री दहाला बॅकअप लावला. माहितीपत्रकाच्या हिशेबाने तो सव्वादोनपर्यंत संपायला हवा होता. जवळपास त्याच वेळी, दोन वाजून वीस मिनिटांनी टेप भरली आणि ड्राइव्हने बाहेर काढली. सकाळी दहाला आम्ही पोचलो, तेव्हा कार्ट्रिज ड्राइव्हच्या तोंडातून अर्धे बाहेर आलेले होते आणि पडद्यावर दुसऱ्या टेपची मागणी होती. साडेतीन टीबी पाने तशीच राहिली होती. पूर्ण साठ्याला तीन टेपा आणि साडेदहा तास लागणार होते. ज्याने एकच टेप मागवली, त्या मुलाला त्या दिवशी बोलणी खावी लागली. त्याने वेष्टनावरचा आकडा वाचला होता, एवढेच.

आणखी दोन टेपांचा मागणीअर्ज मी स्वतः भरला. क्षमतेच्या रकान्यात २.५ टीबी लिहिले. दुपारी पुरवठादाराचा फोन आला. त्यांच्या यादीत अडीचची टेप नव्हती, सव्वासहाचीच होती. रकाना दुरुस्त करून पाठवा, म्हणाले.